जाहीर करण्यासारखं

निघायचं ठरलं होतं सहाला.
साडेदहा वाजता मोयरा
चुकीच्या बाजूचं दार उघडून
स्टिअरिंगसमोर बसलेली,
हात मांडीवर, शहाण्या मुलीसारखे.
तिच्या देशात पाहुण्याची जागा हीच.
"सरक," मी म्हटलं. तिसऱ्यांदा.

गाडी जुनी, चौकोनी, बिस्किटाच्या डब्यासारखी.
गिअरचा दांडा डॅशबोर्डातून बाहेर आलेला
छत्रीच्या मुठीसारखा :
ओढा, वळवा, ढकला,
मग जे होईल ते.

वरच्या मजल्यावरून श्तेफ्काबाई चपला फटफटवत आल्या.
सरबताच्या बाटलीत भोपळ्याच्या बियांचं तेल,
काळंहिरवं, तोंडाला वर्तमानपत्राचा बोळा.
"असू दे. परदेशात काय मिळतंय?"
परदेश वीस किलोमीटरवर होता.

मोठ्या रस्त्यावर हल्ली पुन्हा पोलीस उभे असतात
म्हणून मी द्राक्षमळ्यांची वाट धरली.
(खरं कारण ते नाही.
त्या नाक्यावर माझे वडील अजून
काच खाली करून बसलेत,
स्टेपनीखाली चार किलो कॉफी,
आई भर जुलैत एकावर एक दोन जीन्स घालून,
आणि टोपीवाला वाकून विचारतोय :
काही जाहीर करण्यासारखं?
माझ्याकडे एकच काम असायचं. झोपेचं सोंग.
ते मी फार चांगलं करायचे.)

मोयराला सीमा चालत ओलांडायची होती.
तिच्या देशाची सीमा सगळीकडून ओली,
कोरडी तिने कधी पाहिलीच नव्हती.
मी तिला दगड दाखवला. गुडघ्याएवढा,
एका अंगाला एक अक्षर, दुसऱ्या अंगाला दुसरं,
डोक्यावर गोगलगाय.
एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून
ती बराच वेळ उभी राहिली,
लिफ्ट सुरू व्हायची वाट बघावी तशी.
टेकडीवर लाकडी भिरभिरं खडखडत होतं,
पाखरं हाकलायला लावलेलं.
पाखरं निवांत खात होती.

मग तिथूनच, दोन्ही देशांत उभी राहून,
आवाज जाड करून तिने विचारलं,
"काही जाहीर करण्यासारखं?"

थट्टाच होती ती. पण माझा हात आपोआप
रेडिओ बारीक करायला गेला. रेडिओ बंदच होता.

मागच्या सीटवर तिची पिशवी. पिशवीत
तिने विणलेला निळा लोकरी कोट,
चार पायांसाठी चार भोकं.
मूकीसाठी.
काल विमानतळावर तिने विचारलं, कुठाय तो,
आणि मी म्हटलं, वसंतात गेला,
आणि तिने माझा खांदा दाबला.

"मूकी नव्हता," मी म्हटलं. "कधीच नव्हता.
तुझ्या पत्रात मेंढ्या होत्या, तट्टू होतं, मांजर, ओढा.
माझ्याकडे तिसरा मजला होता.
म्हणून तिसऱ्या पत्रात कुत्रा लिहिला.
मग त्याला मारायचं जिवावर येत राहिलं."

मोयराने पाय उचलून एकाच देशात घेतला.
"एक्केचाळीस वर्षं, झ्देन्का.
एक्केचाळीस वर्षांचा कुत्रा!
कासव तरी लिहायचंस."

"मग कोट कशाला विणलास?"

तिने खांदे उडवले. "हिवाळा लांब होता.
आणि तू लिहिलं होतंस, त्याला थंडी सोसत नाही."

आम्ही हसलो की नाही, आठवत नाही.
ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याने टोपी उचलली,
कुठल्या भाषेत नमस्कार केला
ते इंजिनाच्या आवाजात कळलं नाही.

गाडीत येऊन बघतो तर बोळा निसटलेला,
अर्धी सीट हिरवीगार.
मोयराने बाटली पुसली, कोट काढला, चढवला तिच्यावर.
बरोब्बर बसला. दोन भोकं उरली.

मग ती वळसा घालून गेली
आणि सवयीने पुन्हा तेच दार उघडलं,
बसली. हात मांडीवर.

या खेपेला मी सरक म्हटलं नाही.
तेवढं छत्रीच्या मुठीचं सांगितलं :
ओढ, वळव,
ढकल.